सेरोटोनिन 'कमी' म्हणजे नक्की कुठे कमी?

जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांचा २०२२ चा आढावा-लेख वाचाच, पण मथळे बाजूला ठेवून. सेरोटोनिन कमी पडल्यामुळे नैराश्य येतं याला सुसंगत पुरावा नाही, हा निष्कर्ष मला पटतो. घोळ मोजमापात आहे. जिवंत माणसाच्या दोन चेतापेशींमधल्या फटीतलं सेरोटोनिन थेट मोजणं फार अवघड. म्हणून रक्त, मणक्यातलं पाणी अशा लांबच्या खुणांवर बरीच भिस्त. आणि शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन तर आतड्यात! गोळीलाही पत्ता कळत नाही, म्हणून सुरुवातीला मळमळतं. ती फेरशोषण काही तासांत अडवते, मूड मात्र काही आठवड्यांनी सुधारतो. औषधं उपयोगी आहेत की नाहीत, हा प्रश्न या लेखाने तपासलेलाच नाही. सिनॉप्सिसमध्ये त्यासाठी त्याचा संदर्भ देऊ नका.