गॉथ कोण होते, हा वाद आता पुरे

स्पेनवर राज्य करणाऱ्या व्हिसिगॉथांवरच्या, म्हणजे गॉथांच्या एका शाखेवरच्या, संशोधनाची निम्मी ताकद 'गॉथ म्हणजे नेमके कोण' या एकाच प्रश्नाने खाल्ली. सहाव्या शतकात इतिहासकार जॉर्डेनीसने त्यांचे मूळ स्कँडिनेव्हियात नेऊन ठेवले आणि पुढचे विद्वान पिढ्यानपिढ्या तो प्रवास नकाशावर आखत बसले. 1961 मध्ये राइनहार्ड वेन्स्कुस यांनी वेगळे मांडले: टोळी रक्ताने बनत नाही, परंपरा जपणाऱ्या एका छोट्या गाभ्याभोवती ती जमत जाते. हेर्विग वोल्फ्राम यांनी हा विचार गॉथांना सविस्तर लावला. वॉल्टर गोफार्ट यांनी जॉर्डेनीसच्या साक्षीवरच शंका घेतली, तर गाभा इतका छोटा नव्हता, असे पीटर हीदर यांनी बजावले. वाद जोरदार झाला, पण त्याच त्या उताऱ्यांचा इतका कीस पाडल्यावर नवे काय हाती लागणार?

मग भिस्त कबरींवर. स्पेनच्या पठारावर गरुडाच्या आकाराची पिन किंवा मोठे बक्कल निघाले की 'हा गॉथ' असा शिक्का बसे. त्यात राजकारणही होते. 1941 मध्ये कास्तिल्तिएराच्या दफनभूमीत हुलिओ मार्टिनेस सांता-ओलाया यांनी उत्खनन केले तेव्हा नाझी संशोधकांशी त्यांचे संधान होते. काही वस्तू जर्मनीला गेल्याही. आज पिन पाहून वंश सांगायला जाणकार कचरतात, आणि ते बरेच झाले.

माझ्या मते या क्षेत्रातला खरा खजिना ग्वारासारच्या सोन्याच्या मुकुटांत नाही, सालामांका आणि आविला भागातल्या दगडी पाट्यांत आहे. टोकदार अवजाराने कोरलेले लॅटिन: धान्याचा हिशेब, जमिनीची विक्री, साक्षीदारांची नावे, कुठे स्तोत्र, कुठे लिहायला शिकणाऱ्याचा सराव. इसाबेल वेलास्केस यांनी ही सगळी खरड वाचून संपादित केली. टोलेडोच्या धर्मपरिषदा आणि 654 ची न्यायसंहिता राजाला काय हवे होते ते सांगतात. खेड्यात व्यवहार कसा चाले, ते या पाट्यांवरून कळते. तरीही गॉथांच्या ओळखीवर लिहिणारे त्यांच्याकडे क्वचितच वळतात.

शेजाऱ्यांची बोळवण अजून तळटिपेतच होते. वायव्येकडचे स्वेबी राज्य पावणेदोनशे वर्षे टिकले. 585 मध्ये व्हिसिगॉथ राजा लेओविगिल्डने ते गिळले, एवढेच काय ते आपल्याला वाचायला मिळते. दक्षिण किनाऱ्यावर सुमारे 70 वर्षे ठाण मांडून बसलेल्या बायझँटाइनांचेही तेच.

याच लेओविगिल्डने 578 मध्ये रेक्कोपोलिस हे शहर वसवले. तिथल्या भूचुंबकीय सर्वेक्षणाचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. कुदळ न लावता तटाच्या आतली आणि बाहेरची वस्ती नकाशावर आली. एका इमारतीचे तोंड बाकीच्यांहून वेगळ्या दिशेला आहे. ती आरंभीची मशीद असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे. 711 च्या मुस्लिम आक्रमणापाशी प्रकरण मिटवणाऱ्या पुस्तकांना हे अडचणीचेच. अंदाज तपासायचा तर तिथे खणावे लागेल, आणि त्या खड्ड्यात व्हिसिगॉथांचे आणि इस्लामी स्पेनचे अभ्यासक एकत्र उतरायला हवेत.