सहल आंबेनळीची, पदवी एम.एस्सी.ची

भूशास्त्राच्या एम.एस्सी.च्या सहली महाबळेश्वरला येतात. आंबेनळी घाटात बस थांबते, प्राध्यापक स्तरसमूहांची नावे सांगतात (खाली पोलादपूर, मध्ये आंबेनळी, वर महाबळेश्वर), विद्यार्थी ती उतरवून घेतात आणि मंडळी स्ट्रॉबेरीकडे वळतात. अहवालातील आकृती पुष्कळदा गेल्या वर्षीच्या वहीतून आलेली असते.

गंमत अशी, की हे बेसाल्टचे थर डोळ्यांना बहुतांशी सारखेच दिसतात. १९८५ साली कॉक्स आणि हॉक्सवर्थ यांनी सुमारे १,२०० मीटर जाडीच्या या थरांची वरील तीन समूहांत विभागणी केली, ती रासायनिक पृथक्करण व स्ट्राँशियमच्या समस्थानिकांचे गुणोत्तर यांच्या आधारे. पोलादपूर समूहाच्या लाव्हात वर येताना भूकवचातील द्रव्य मिसळलेले आढळते. आंबेनळीत ते फारच कमी. म्हणजे ही नावे हा मोजमापांतून काढलेला निष्कर्ष आहे. मग सीमा याच थरावर का? कसा नमुना मिळाला असता तर ती हलवावी लागली असती? असे विचारता येणे म्हणजेच, आमच्या मते, पदव्युत्तर शिक्षण. नावे पाठ करायला बी.एस्सी. पुरते.

महाराष्ट्रात २०२३-२४ पासून नव्या आराखड्यानुसार पदव्युत्तर वर्गांना संशोधनपद्धती व प्रकल्प आले, हे चांगलेच झाले. मात्र संशोधनपद्धतीच्याही तयार नोट्स निघतात! त्यापेक्षा तो मूळ शोधनिबंध आधी वर्गात वाचावा. घाटात दिवसभरात दोनच थर पाहावेत; वर्णन विद्यार्थ्यांनी करावे आणि नाव संध्याकाळपर्यंत कोणी सांगू नये.