गोळीस गोळी? एका पोलिसाच्या आत्मकथेचे वाचन

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण पोलीसभरतीची तयारी करीत होता. रविवारच्या मिस्सानंतर त्याची आई आम्हांस भेटली आणि तिने हलक्या आवाजात विचारले, “फादर, पोलीस झाला म्हणजे हाती बंदूक आलीच. उद्या कोणावर चालवावी लागली, तर माझ्या लेकाने कम्युनियन घ्यावे की नाही?” सेमिनरीत आम्ही नीतिशास्त्र शिकलो, त्यातील उत्तरे आम्हांस पाठ होती, पण त्या माउलीपुढे ती कोरडी वाटली. तेव्हा ज्युलिओ रिबेरो यांची आत्मकथा आम्ही पुन्हा वाचावयास घेतली. त्या वाचनातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सोलापुरात पोलीस या शब्दाला एक जुनी जखम चिकटलेली आहे. ८ मे १९३० रोजी येथे जमावावर गोळीबार झाला. संतप्त लोकांच्या हातून पोलीसही मारले गेले. १२ मे रोजी शहरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो ३० जूनपर्यंत चालू राहिला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात फाशी देण्यात आली. त्या चार हुतात्म्यांपुढे आपण नतमस्तक होतो, आणि तसे होणे योग्यच आहे. पण मारले गेलेले शिपाईही कोणाची तरी मुले होती, हे स्मरण ठेवणारा माणूसच पोलिसाची आत्मकथा नीट वाचू शकतो.

रिबेरो यांचे घराणे मूळचे गोव्याचे. त्यांचा जन्म मात्र ५ मे १९२९ रोजी मुंबईत झाला. १९५३ साली ते भारतीय पोलीस सेवेत दाखल झाले आणि १९८२ साली मुंबईचे पोलीस आयुक्त झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या शिपायांनी बंड केले. ते शमवण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. १९८६ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या विनंतीवरून दिल्लीतील वरचे पद सोडून त्यांनी पंजाब पोलिसांचे प्रमुखपद पत्करले. त्याच वर्षी ऑक्टोबरात जालंधर येथे पोलिसांच्या वेशात आलेल्या मारेकऱ्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यात ते व त्यांची पत्नी दोघेही जखमी झाले. १९८७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पुढे रुमानियात राजदूत असताना १९९१ साली बुखारेस्ट येथे त्यांच्यावर दुसऱ्यांदा हल्ला झाला. ‘बुलेट फॉर बुलेट’ ही त्यांची इंग्रजी आत्मकथा १९९८ साली प्रसिद्ध झाली.

ग्रंथाच्या शीर्षकापाशीच आम्ही अडखळलो. ‘गोळीस गोळी’ हे शब्द आपले नव्हेत, ते एका मंत्र्याच्या तोंडचे होते आणि आपल्या नावावर चिकटले, असे रिबेरो यांनी वारंवार स्पष्ट केले आहे. आम्हांस ते खरे वाटते. मग जे वाक्य आपले नव्हे, ते आपल्याच आयुष्याच्या कपाळावर का गोंदून घ्यावे? प्रकाशनव्यवसायाची निकड असेल. लोकांना जे नाव ठाऊक, तेच विकले जाते. पण साहित्याच्या दृष्टीने ही निवड लेखकावर अन्याय करणारी आहे. वाचक ग्रंथ उघडण्यापूर्वीच त्याच्या हाती सूडाचे माप दिले जाते, आणि त्या मापात हे आयुष्य मावत नाही.

आपल्या शास्त्राच्या अंगाने पाहिले, तर हा आक्षेप अधिकच जड होतो. समान परतफेडीचा जुना नियम प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात ओलांडला. गेथशेमनी बागेत पेत्राने तलवार उपसली, तेव्हा ती त्याने म्यान करावयास लावली. मात्र हेही विसरू नये, की शिपायांनी योहान बाप्तिस्त्याला ‘आम्ही काय करावे?’ असे विचारले, तेव्हा त्याने त्यांना चाकरी सोडण्यास सांगितले नाही. कोणास नाडू नका आणि वेतनात समाधान माना, एवढेच सांगितले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली शस्त्रधारी सेवकास जनतेच्या सुरक्षेचा व स्वातंत्र्याचा सेवक मानले, जर तो आपले कर्तव्य नीट पार पाडील तर. म्हणजे ख्रिस्तसभा बंदूक धरणाऱ्या हाताला नाकारत नाही; तो हात कोणाच्या आज्ञेत आहे, ते विचारते. कायद्याच्या आज्ञेतील गोळी आणि परतफेडीची गोळी यांचा आवाज एकच, पण पाप-पुण्य वेगळे.

हा भेद सुटला म्हणजे काय होते, हे पंजाबनेच पुढे दाखवले. बेवारस म्हणून गुपचूप जाळलेल्या प्रेतांच्या नोंदी गोळा करणारे जसवंतसिंग खालरा यांना १९९५ साली पोलिसांनीच पळवून नेऊन ठार केले, आणि त्याबद्दल पोलिसांना न्यायालयाने दोषी ठरवले. ही घटना रिबेरो यांच्या कारकिर्दीनंतरची आहे. तिचा दोष त्यांच्या माथी मारणे गैर होईल. पण घोषणा माणसाच्या हातून सुटून दूरवर जाते, म्हणून तिच्याविषयी आम्ही इतके लिहीत आहोत.

दुसरा आक्षेप उपशीर्षकाविषयी. ‘पोलीस अधिकारी म्हणून माझे आयुष्य’ अशी मर्यादा लेखकाने प्रामाणिकपणे आखून घेतली आहे. त्यामुळे गणवेशाबाहेरचा माणूस कडेला राहतो. पोटासाठी मुंबईस आलेल्या गोवेकरांनी धोबीतलावच्या परिसरात गावोगावचे कूड थाटले, तेथे एकत्र रोझरी म्हटली. १८९२ साली ‘इटालियन भुरगो’ हे पहिले तियात्र रंगभूमीवर आले, तेही गोव्यात नव्हे, मुंबईत. परक्या शहरात प्रार्थना आणि नाटक यांनीच या लोकांना एकत्र ठेवले. अशा समाजाच्या पोटी पंजाबला जाणारा अधिकारी कसा घडतो, हे समजून घेण्याची आम्हांस ओढ होती. सोलापुरासारख्या गावात, जेथे तेलुगू विणकर, कानडी व्यापारी आणि मराठी कामगार एकाच पेठेत नांदले, तेथील वाचकाला ही ओढ विशेष लागणार.

ही उणीव लेखकाच्या उत्तरायुष्याने मात्र भरून काढली आहे. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या दंगलींनंतर मुंबईत मोहल्ला समित्यांचे जे काम उभे राहिले, त्यात निवृत्त रिबेरो वस्त्यावस्त्यांत बसले. शिपाई, मौलवी, शाखेचे कार्यकर्ते आणि घरातल्या बायका यांना एकमेकांसमोर आणण्याचे ते काम होते. पुढे शांततेसाठी क्रिकेटचे सामनेही भरू लागले. या प्रयोगाचे आधीचे रूप भिवंडीत सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने १९८८ पासून घडवले होते. ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे त्यांचे मराठी पुस्तक रिबेरो यांच्या आत्मकथेशेजारी ठेवून वाचावे. १९७० व १९८४ साली होरपळलेली भिवंडी त्या वेळी शांत राहिली, ती बंदुकीमुळे नव्हे, ओळखीमुळे. गोळीस गोळी या शीर्षकाला याहून चांगले उत्तर आम्हांस सापडत नाही.

आणखी एक लेखन या ग्रंथाचे शेवटचे प्रकरण समजून वाचावे, असे आम्ही सुचवू. मार्च २०१५ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये रिबेरो यांनी लिहिले, की ख्रिस्ती म्हणून आपल्याच देशात आपण अचानक परके ठरलो आहोत, असे वाटू लागले आहे. तेव्हा ते पंच्याऐंशी वर्षांचे होते. देशासाठी दोनदा गोळ्या झेललेल्या माणसाने असे लिहावे, हे वाचून आम्ही पुस्तक मिटले व काही वेळ तसेच बसून राहिलो. आत्मकथेत संयमाने दडवलेला माणूस त्या छोट्या लेखात उघडा झाला. शैली तीच, साधी आणि सरकारी. पण तिच्याखाली आता वेदना वाहते. चांगल्या आत्मचरित्रात ती आधीच वाहावयास हवी होती, एवढीच आमची तक्रार.

त्या माउलीला आम्ही काय सांगितले? तिच्या लेकाने अवश्य पोलीस व्हावे. वेतनात समाधान मानावे, कोणास नाडू नये, सूडाची गोळी कधी झाडू नये. ड्युटी नसेल त्या रविवारी चर्चमध्ये यावे, नाताळच्या नाटिकेत जमल्यास काम करावे, आणि ज्या वस्तीत नेमणूक होईल, तेथल्या माणसांना नावाने ओळखावे. ती म्हणाली, “एवढेच?” आम्ही म्हणालो, “बाई, एवढे झाले तरी फार झाले.” मग आम्ही पुस्तक तिच्या लेकाकडे दिले. शीर्षकावर कागद चिकटवावा, असे क्षणभर मनात आले होते. पण तसेच दिले. तो प्रश्न त्यानेही विचारावा.