हाताला उसंत नाही : ग्रेस स्नायडरचे पुस्तक आणि तिच्या क्विल्ट

एकाच मुलीने आपल्या वडिलांचेही पुस्तक लिहून घेतले आणि आईचेही. मुलीचे नाव नेली स्नायडर योस्ट. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या इतिहासाची ती लेखिका. ‘बफेलो बिल’च्या चरित्रामुळे पुढे तिचे नाव झाले. वडिलांचे पुस्तक ‘पिनॅकल जेक’ १९५१ साली निघाले. आईचे ‘नो टाइम ऑन माय हँड्स’ निघायला आणखी बारा वर्षे लागली, ते १९६३चे. दोन्ही पुस्तके सांगितलेली आहेत, लिहिलेली नव्हेत. सांगणारे आईवडील, लेखणी मुलीच्या हातात.

ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली की पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी, की वडिलांच्या पुस्तकाचा गाभा त्यांचे काउबॉय म्हणून फिरतीचे दिवस आहेत. नेब्रास्का, वायोमिंग, मोंटाना, मोठमोठ्या कळपांमागची घोडदौड. या पुस्तकाला संसाराची गरज नाही. आईच्या पुस्तकाला मात्र संसार टाळता येत नाही. एकाच घरातल्या या दोन आठवणींमधला हा फरक मला या लेखाचा विषय वाटतो. कारण ही आई पुढे विसाव्या शतकातल्या थोर अमेरिकन क्विल्टकारांपैकी एक ठरली, आणि तिच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण एक तर क्विल्ट पाहतात, नाही तर पुस्तक वाचतात. दोन्ही एकत्र वाचणारे विरळा.

ग्रेस मॅक्कॅन्स स्नायडर. (मराठी वाचकाला ‘ग्रेस’ म्हटले की संध्याकाळच्या कविता आठवणार, त्याला इलाज नाही.) जन्म १८८२चा. १८८५ साली, तीन वर्षांची असताना, आईबरोबर ती मध्य नेब्रास्कातल्या कस्टर काउंटीत आली. वडील आधी येऊन जमिनीवर हक्क सांगून बसले होते. १८६२च्या होमस्टेड कायद्याप्रमाणे १६० एकर जमीन मिळे. अट अशी की तिच्यावर पाच वर्षे राहायचे आणि ती कसायची. झाडे नाहीत, म्हणून लाकूड नाही. माती गवताच्या मुळांसकट विटांसारखी कापून तिची घरे रचायची. सरपण नाही, म्हणून माळावरचे वाळलेले शेण वेचायचे. आपल्याकडे गोवऱ्या थापतात तशा त्यांनी थापल्या नाहीत, पण शेणाने भरलेले टोपले उचलणाऱ्या मुली आपल्याला परक्या वाटत नाहीत.

लहानपणीच ग्रेसच्या वाट्याला गुरे राखणे आले. गुरांमागे बसून राहायचे तर हाताला काही हवे, म्हणून तिने आईकडे कापडाचे उरलेले तुकडे मागितले. आईने दिले, पण टाके बारीक आणि नेटके घालायच्या बोलीवर. ती क्विल्ट शिवायला शिकली ती अशी, राखणीत. घरात, दिव्याखाली, इतर बायकांच्या घोळक्यात बसून नव्हे. क्विल्टविषयी अमेरिकेत जी गोड कल्पना रूढ आहे, की शेजारणी जमल्या, चौकटीभोवती बसल्या, सुया आणि तोंडे एकदम चालली, ती खोटी नाही. तसे मेळावे होत. पण ग्रेसचा आरंभ एकटीचा आहे. एक डोळा टाक्यावर आणि एक डोळा शेताकडे सरकणाऱ्या गाईवर.

त्या माळावर उताणे पडून तिने तीन इच्छा केल्या असे ती सांगते : जगातल्या सर्वांत सुंदर क्विल्ट करायच्या, काउबॉयशी लग्न करायचे आणि ढगाकडे वरून पाहायचे. पुस्तकाविषयी लिहिणारा प्रत्येक जण या तीन इच्छांपाशी विसावतो, कारण तिन्ही पुऱ्या झाल्या. १९०३ साली तिने बर्ट स्नायडर या काउबॉयशी लग्न केले आणि ती सँडहिल्समध्ये, मॅक्फर्सन काउंटीतल्या रँचवर राहायला गेली.

रँच म्हणजे आपल्या डोळ्यांपुढची शेती नव्हे. सँडहिल्स हे वाळूच्या टेकड्यांचे, वर गवताचे पातळ पांघरूण असलेले प्रचंड माळरान. नांगर लावला की वाळू उडते, म्हणून तिथे पीक नव्हे, गुरे. १६० एकरांवर तिथे कोणाचेच भागेना. तेव्हा १९०४च्या किंकेड कायद्याने पश्चिम नेब्रास्कातल्या ३७ काउंट्यांमध्ये ही मर्यादा ६४० एकरांवर नेली. मॅक्फर्सन काउंटीचा विस्तार सुमारे २,२०० चौरस किलोमीटर आहे आणि वस्ती आजही जेमतेम चारशे. शेजार म्हणजे काय, बाजार म्हणजे काय, बाळंतपणाला सुईण किंवा डॉक्टर वेळेवर पोचणे म्हणजे काय, हे या आकड्यांवरून समजून घ्यावे.

अशा ठिकाणी ‘कुटुंबाची सहल’ या शब्दाला वेगळाच अर्थ येतो. रेल्वे दक्षिणेला, प्लॅट नदीच्या काठाने. तिथल्या बाजाराच्या गावी घोडागाडीने जाऊन यायला एक दिवस पुरत नसे. रानात प्लम आणि चोकचेरी पिकल्या की सगळे घर बादल्या घेऊन निघे. मुलांची ती सहल, आईची ती हिवाळ्याची बेगमी. चार जुलैचा राष्ट्रीय सण आला की मंडळी जमत, जेवणे होत, घोड्यांच्या शर्यती लागत. जेवण अर्थातच कोणीतरी आधी रांधलेले असे. रँचवरच्या पुरुषांच्या आठवणींत हे दिवस सणाचे आहेत, बायकांच्या आठवणींत आधीच्या दोन दिवसांच्या कामाचे. काउंटीच्या आणि राज्याच्या प्रदर्शनाचे तेवढे निराळे. तिथे गुरे, कणसे, मुरंबे यांच्या जोडीला क्विल्टही मांडत आणि बक्षिसे देत. बाईने केलेली वस्तू बाईच्या नावाने टांगली जाण्याची ती जागा. ग्रेसला अशी बक्षिसे मिळत गेली.

पुस्तकाचे शीर्षक या संदर्भात पाहावे. इंग्रजीत रिकाम्या माणसाच्या ‘हातावर वेळ असतो’. हिच्या हातावर तो नाही. मराठीत ‘हाताला उसंत नाही’ म्हणता येईल, पण त्यात तक्रारीचा सूर येतो. मूळ शीर्षकात तक्रारीपेक्षा ताठा अधिक आहे. या ताठ्याविषयीच माझी समीक्षक म्हणून पहिली शंका आहे.

ग्रेसची सर्वांत गाजलेली क्विल्ट म्हणजे ‘फ्लॉवर बास्केट पेटिट पॉइंट’. चिनी मातीच्या बशीवर फुलांच्या परडीची नक्षी होती, बारीक भरतकामासारखी ठिपक्याठिपक्यांची. तिने ती कापडाच्या तुकड्यांनी उतरवली. तुकडे ८७,७८९. एकेक तुकडा टपालाच्या तिकिटाहून लहान. १९९९ साली विसाव्या शतकातल्या शंभर सर्वोत्तम अमेरिकन क्विल्टांची निवड झाली, तीत ही आहे. त्याआधी, १९८० साली, तिची निवड क्विल्टकारांच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये झाली होती. हा आकडा जिथे तिथे येतो, आणि त्याच्या जोडीला एक गोष्ट येते : रँच सांभाळून, मुले वाढवून, गुरांचे सगळे करून या बाईने हेही केले.

ही गोष्ट तारखांशी जुळत नाही. ही क्विल्ट १९४२-४३ सालची. तेव्हा ग्रेस साठीची होती आणि तिची मुले केव्हाच मोठी झाली होती. दिवसाला शंभर तुकडे जोडले तरी अशा क्विल्टला जवळजवळ अडीच वर्षे लागतील; तिने ती त्याहून लवकर पुरी केली. म्हणजे हे ‘संसार सांभाळून’ केलेले काम नव्हे. संसाराचा भार उतरल्यावर, पुष्कळ आणि सलग वेळ मिळाल्यावर केलेले हे काम आहे. त्यात तिचे काहीच उणे होत नाही. उणे होते ते आपल्या आवडत्या समजुतीचे, की आईने कितीही राबले तरी तिच्यातली कलावती वेळ काढतेच. समजूत सोयीची आहे. तिच्यामुळे वेळ कोणी द्यायचा हा प्रश्न उरत नाही.

मग मुले लहान होती त्या वर्षांतल्या क्विल्टांचे काय? घरोघरीच्या क्विल्टांचे होते तेच. त्या पांघरल्या गेल्या. धुतल्या गेल्या, विरल्या, शेवटी कशाच्या तरी खाली अंथरल्या गेल्या. संग्रहालयात येते ती न वापरलेली क्विल्ट. वापरलेली येत नाही, आणि आईपणाची वर्षे तर वापरलेल्या क्विल्टमध्ये असतात. माझ्या आजीच्या गोधडीत आतल्या थराला तिच्या सासूची गोधडी होती. वरून ती कोणाला दिसली नाही. आपली गोधडी जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने टिपून होते. अमेरिकन क्विल्टमध्ये वर जोडलेल्या तुकड्यांचा थर, मधे कापूस किंवा लोकर आणि खाली अस्तर असते. रचना वेगळी, पण संपून जाण्याची रीत तीच.

इथे पुस्तक कामाला येते. संपलेल्या क्विल्टांची वर्षे त्यात आहेत. पण तेही निर्भेळ नाही. लिहिणारी मुलगी आहे, आणि आई मुलीला काय सांगते आणि काय सांगत नाही हे आपण सगळे जाणतो. आपल्याकडे बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांनी उतरवून ठेवली म्हणून १९५२ साली आपल्यापर्यंत आली. तिथे लेखनिक मुलाचे ऋणच मोठे. गद्य आठवणींत मात्र लेखनिक मूल ऐकणाराही असते आणि त्या गोष्टीतले पात्रही. नेली स्वतः त्या रँचवर वाढली होती. आईच्या दमणुकीचे एक कारण ती होती. शीर्षकातला तो ताठा आईचा किती आणि मुलीला हवा तेवढा किती, हे वेगळे काढता येत नाही. याच टेकड्यांविषयी मारी सँडोझने १९३५ साली ‘ओल्ड ज्यूल्स’ लिहिले. तेही मुलीनेच लिहिलेले, पण बाप गेल्यावर, त्याच्या क्रौर्यासकट. ग्रेस १९८२पर्यंत, शंभर वर्षे जगली. जिवंत आईच्या तोंडून आईचे पुस्तक लिहिताना सँडोझची मोकळीक नेलीला नव्हती.

कलेच्या बाजूचे वाचनही अपुरेच आहे. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होलस्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी क्विल्ट चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या, आणि क्विल्टला आधुनिक कलेच्या दालनात जागा मिळाली. मात्र तिथे मान होता ठळक भूमितीला, रंगांच्या मोठ्या पट्ट्यांना. करणाऱ्या बायका बहुतेक निनावीच राहिल्या. ग्रेसची परडी या कसोटीला उतरली नसती. ती लांबून भरतकाम दिसते, जवळून शिवण. मला स्वतःला तिचे चित्र फार थोर वाटत नाही. बशीवरच्या फुलांइतकेच ते गोड आहे. थोर आहे ती तुकड्याच्या लहानपणाबद्दलची तिची हट्टी निष्ठा, आणि ती गुरे राखताना आईने घातलेल्या अटीतून आली आहे हे पुस्तक वाचल्याशिवाय कळत नाही.

आणखी एक गोष्ट या दोन्ही वाचनांबाहेर राहते. ही ‘मोकळी’ जमीन पॉनी आणि लाकोटा लोकांची होती. १८९० साली वुंडेड नी इथे लाकोटांची कत्तल झाली, तेव्हा ग्रेस आठ वर्षांची होती. ती जागा सँडहिल्सच्या उत्तरेला, राज्याच्या सीमेपलीकडे लगेचच आहे. गवे संपले, गव्याच्या कातड्याची पांघरुणे संपली, आणि लाकोटा बायकाही क्विल्ट करू लागल्या. त्यांची आठ टोकांच्या ताऱ्याची क्विल्ट आजही जन्माला, मरणाला, मानपानाला दिली जाते. ती प्रदर्शनात बक्षिसासाठी टांगण्याची वस्तू नाही, देऊन टाकण्याची आहे. नेब्रास्काच्या क्विल्टांचा इतिहास ग्रेसपासून सुरू करणाऱ्यांनी ती शेजारी ठेवून पाहावी.

तिसरी इच्छा राहिली. ग्रेस पुढे विमानात बसली आणि तिने ढग वरून पाहिला. तिच्या आठवणींतल्या सगळ्या जाण्यायेण्यांत मला हीच एक खरी सहल वाटते. तिच्यासाठी आदल्या दिवशी काही रांधावे लागले नाही.