पाटीवर मेकॅनिकल, पदवी नंतर

कुठल्याही मेकॅनिकल विभागाचा इतिहास उघडून बघा. स्थापना, पदवी, एम.टेक., पीएच.डी., नव्या लॅब. जिना चढत गेल्यासारखा. पुण्याच्या सीओईपीबद्दलही बहुतेक असंच लिहिलं जातं, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे.

१८५४ साली संस्था सुरू झाली तेव्हा नाव होतं 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल'. म्हणजे 'मेकॅनिकल' पहिल्या दिवसापासून पाटीवर! पण सरकारला हवी होती बांधकाम खात्यासाठी हाताखालची माणसं. विश्वेश्वरय्या इथलेच, पण सिव्हिलचे. मेकॅनिकलच्या पदवीसाठी विसावं शतक उजाडावं लागलं. मग मधली पन्नासेक वर्षं हा विषय काय पदवीवाचून अडून बसला होता? रेल्वेच्या वर्कशॉपांत, मुंबईच्या गिरण्यांत तो फिटर-टर्नरच्या हातात चालूच होता. हे पान विभागांच्या इतिहासांत सहसा नसतं.

मी केडगावची, म्हणून हे जास्त खटकतं. आमच्या नगरच्या एमआयडीसीत लुना बनायची. लेथ इथे कुणाला नवा नाही. माझ्या व्हॅक्यूम चेंबरचा फ्लँज गळत होता, तेव्हा पेपर चाळून काही सापडलं नाही. इथल्या एका टर्नरकाकांनी ड्रॉइंग बघितलं आणि म्हणाले, "ताई, ओ-रिंगची खाच खोल झालीय, रिंग दबणारच नाही." चूक माझीच होती.

२०२२मध्ये सीओईपीचं विद्यापीठ झालं. आता नवा इतिहास लिहिला जाईलच. लिहिणाऱ्यांनी वर्कशॉपची जुनी मस्टरं आधी शोधावीत. भाषणं काय, नंतरही मिळतील.