कोलंबसाच्या पूर्वींचे शिंपले : एका टिपणाचें परीक्षण

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील 'माया अरेनारिया' नांवाचा मऊ कवचाचा शिंपला युरोपांत १४९२ नंतरच जहाजांबरोबर आला, असा शास्त्रज्ञांचा समज होता. पेटरसन प्रभृति संशोधकांनीं १९९२ सालीं 'नेचर' पत्रांत एक त्रोटक टिपण प्रसिद्ध करून त्यास धक्का दिला. डेन्मार्कच्या उत्तर टोकाकडील किनारी गाळांत मिळालेल्या शिंपल्यांचा काळ त्यांनीं किरणोत्सर्गी कार्बनावरून इ. स. च्या १३ व्या शतकांतला ठरविला, आणि ते नॉर्स दर्यावर्द्यांनीं आणले असावे असें सुचविलें.

जुन्या दप्तरांत वावरणारास यांतील अडचण ओळखीची वाटेल. पान जुनें म्हणून त्यावरील प्रत्येक अक्षर जुनें ठरत नाहीं. हा प्राणी तर गाळांत हातभर खोल पुरून घेऊन जगतो. मेल्यावर त्याचें कवच त्याच्याहून कितीतरी जुन्या थरांत उभेंच्या उभें राहतें. बखरींत मागाहून घुसडलेल्या मजकुराचाच हा प्रकार! लेखकांनीं थराचा नव्हे, प्रत्यक्ष कवचाचा काळ काढला, हें त्यांच्या पुराव्याचें खरें बळ होय. हिमयुगापूर्वीं हाच प्राणी युरोपांत होता व पुढें तेथून नाहींसा झाला. तेव्हांचीं कवचें लाटांनीं उकरून वर आणलीं असतील, ही शंकाहि त्यानेंच फिटते. समुद्राच्या पाण्यांतील कार्बन मुळांतच शिळा असल्यामुळें कवचें सुमारें ४०० वर्षांनीं अधिक जुनीं भासतात, ती वजावट अर्थातच करावी लागते. तींत थोडें अधिकउणें झालें तरी १३ व्या शतकापासून १४९२ पर्यंतचें अंतर सहज भरून निघणारें नाहीं. हा कालनिर्णय आम्हांस ग्राह्य वाटतो.

दुसऱ्या विधानाची गोष्ट निराळी. शिंपला 'आला' हें कवच सांगतें. 'कोणी आणला' हें सांगत नाहीं. खाद्य म्हणून, गळाचें आमिष म्हणून, कीं नावेच्या तळांत सांचलेल्या पाण्यांतून, याविषयीं गाळ मुका आहे. मूळ मथळ्याच्या शेवटीं प्रश्नचिन्ह आहे. पुढें उल्लेख करणाऱ्यांपैकीं कित्येकांनीं तें गाळलें, ही त्यांची चूक, लेखकांची नव्हे.

तथापि तर्क निराधार नाहीं. न्यूफाउंडलंडांतील नॉर्स वसाहतीच्या जागीं १०२१ सालीं लांकूड तोडल्याचें २०२१ मध्यें वृक्षवलयांवरून सिद्ध झालें. आणि मार्कलंडास जाऊन आलेलें एक ग्रीनलंडचें जहाज १३४७ सालीं आइसलंडास लागल्याची नोंद तेथील वार्षिकांत आहे. डेन्मार्कच्या शिंपल्यांचा काळ या दोन सालांच्या मधोमध पडतो.