‘आम्ही’, ‘आपण’ आणि बारावा मजला

अँड्र्यू हॉलरन ह्या टोपणनावाने लिहिणाऱ्या अमेरिकन लेखकाची ‘डान्सर फ्रॉम द डान्स’ ही कादंबरी १९७८ साली प्रसिद्ध झाली. शीर्षक येट्सच्या एका कवितेवरून घेतलेले आहे. विषय आहे न्यूयॉर्कमधील समलिंगी पुरुषांचे रात्रीचे जग, आणि ह्या जगाचे केंद्र म्हणजे ‘बारावा मजला’ नावाचे नृत्यगृह. न्यूयॉर्कमध्ये खरोखर अस्तित्वात असलेल्या ‘टेन्थ फ्लोअर’ ह्या जागेवरून ते रचले असावे असे समीक्षक सामान्यतः मानतात. कादंबरीवर आजवर जे लिहिले गेले त्यात तिच्या शोकात्म सुराची आणि तिच्यातील सौंदर्यपूजेची चर्चा विपुल आहे. तिच्या सर्वनामांकडे मात्र त्या मानाने थोडेच लक्ष गेले आहे. वस्तुतः नृत्यगृहाच्या दारातून कोण आत जातो आणि कोण बाहेर राहतो, हा ह्या कादंबरीचा मूळ प्रश्न एका सर्वनामात साठलेला आहे. ती मराठीत आणू पाहणाऱ्याला तो पहिल्याच प्रकरणात भेडसावेल.

कादंबरीचा निवेदक आरंभी ‘मी’ म्हणून बोलतो. मॅलोन हा नायक आपल्या लेखी एका हिवाळ्यात नृत्यगृहात पाहिलेला केवळ एक चेहरा होता, आणि तरीही त्याचे सामान आणायला फायर आयलंडला जाण्याची पाळी आपल्यावरच आली, असे तो सांगतो. पुढे हा ‘मी’ विरघळतो आणि त्याच्या जागी इंग्रजी ‘वुई’ येतो. हा ‘वुई’ नाचतो, पाहतो, तर्क करतो. एमिल बेनव्हेनिस्त ह्यांनी १९४६ मध्येच दाखवून दिले होते की हे सर्वनाम ‘मी’चे साधे अनेकवचन नव्हे. ते ‘मी आणि तू’ असते, किंवा ‘मी आणि ते’ असते. इंग्रजी हा भेद रूपाने दाखवीत नाही. मराठीला तो दाखवावाच लागतो: श्रोत्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि श्रोत्याला सामावून घेणारे ‘आपण’. (हा भेद मराठीत द्राविडी सान्निध्यामुळे आला, असे भाषाशास्त्रज्ञ सामान्यतः मानतात. तमिळ व तेलुगू ह्या भाषांत तो आजही स्पष्ट आहे.)

‘आपण’ वापरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. वाचकाला हाताशी धरून वर न्यावे, त्याला दिवे, घाम आणि संगीत दाखवावे, ही सोय त्यात आहे. परंतु मराठी ‘आपण’ला आणखी एक छटा आहे. ‘आपण पुढे गेलो की डावीकडे मंदिर लागते’ ह्या वाक्यातील ‘आपण’ वाटाड्याचे असते. ते लावताच बारावा मजला हे प्रेक्षणीय स्थळ होते आणि वाचक पर्यटक होतो. असे पर्यटन ह्या विषयाच्या इतिहासात खरोखर घडलेले आहे. बर्लिनच्या मोट्झस्ट्रासेवरील ‘एल्डोराडो’ १९३० च्या सुमारास कुतूहलाने येणाऱ्या सुखवस्तू पाहुण्यांनी गजबजलेले असे. इशरवुडने ‘क्रिस्टोफर अँड हिज काइंड’ (१९७६) मध्ये बर्लिनच्या अशा पर्यटकी विलासस्थानांविषयी लिहिताना आपली नापसंती लपवलेली नाही. हॉलरनचे नृत्यगृह पाहुण्यांसाठी नाही. तिथे येणारे सारे एकमेकांसाठी आलेले आहेत.

तरीही ‘आम्ही’ निःशंकपणे लिहिता येत नाही, आणि ह्याचे कारण कादंबरीच्या रचनेत आहे. मुख्य कथेच्या दोन्ही बाजूंना पत्रे आहेत. न्यूयॉर्क सोडून दक्षिणेत जाऊन राहिलेला एक मित्र आणि न्यूयॉर्कमध्येच राहून कादंबरी लिहिणारा दुसरा, ह्यांची ती पत्रे. संबोधने व सह्या पत्रागणिक बदलतात. त्यांत थट्टेचा आणि नटवेपणाचा खेळ आहे. दोघेही त्या जगाचे रहिवासी असल्यामुळे पत्रांतील ‘वुई’ हा निखळ ‘आपण’ आहे. म्हणजे इंग्रजीत एकाच शब्दाने झाकलेली दोन सर्वनामे मराठीत वेगळी होतात. पत्रांत वाचक दुसऱ्यांचे ‘आपण’ आडून ऐकतो. कथेत त्याला समोर बसवून ‘आम्ही’ सांगितले जाते.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. कथेचे हस्तलिखित त्या दक्षिणेतल्या मित्राकडेच वाचायला जाते. मग कथेचा पहिला श्रोताही आतलाच, आणि त्याच्याशी बोलताना ‘आम्ही’ कसे चालेल? उत्तर वर्णनात सापडते. निवेदक नृत्यगृहाची जी ओळख करून देतो ती ह्या मित्राला नको आहे. तिथे कोण येत होते, दिवसा ते बँकांत आणि कचेऱ्यांत काय करीत, हे त्याला कोणी सांगण्याची गरज नाही. ज्याला सारे ठाऊक आहे त्याला कोणी समजावून सांगत नाही. तेव्हा मित्राच्या खांद्यावरून निवेदक दुसऱ्या कुणाकडे पाहून बोलतो आहे, आणि तो दुसरा म्हणजे दाराबाहेरचा वाचक. ‘आम्ही’ हेच योग्य होय.

पण हे ‘आम्ही’ आतल्या आत तरी कितपत खरे आहे? कादंबरीचा एक सुप्रसिद्ध परिच्छेद ह्या नृत्यगृहाला विलक्षण लोकशाही म्हणतो. तिचे प्रवेशपत्र म्हणजे शारीरिक सौंदर्य. कधीकधी तेवढेही लागत नाही. पुरावा म्हणून निवेदक कोचावर शुद्ध हरपून पडलेला एक पोर्तो रिकन तरुण दाखवतो. तो एका कंपनीच्या उपाहारगृहात भांडी धुतो, आणि त्याच्यावर वाकलेल्या डॉक्टराने राष्ट्राध्यक्षांवर उपचार केलेले आहेत. परिच्छेद सुंदर आहे, ह्यात शंका नाही. परंतु ज्याच्या आधारे समतेची ग्वाही दिली जाते तो तरुण बेशुद्ध आहे. ‘आम्ही’ म्हणणाऱ्यांत त्याचा आवाज मिसळलेला नाही. तो ‘ते’मधून आलेला साक्षीदार आहे, आणि त्याची साक्ष दुसराच देतो. न्यूयॉर्कचा इतिहास ह्या शंकेला बळ देतो. १९६९ च्या स्टोनवॉल उठावानंतरच्या दशकात तेथे मोठी नृत्यगृहे उभी राहिली. १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्लेमिंगो’त गोऱ्या पुरुषांचा भरणा होता, किंग स्ट्रीटवरील ‘पॅराडाइज गॅराज’मध्ये (१९७७ ते १९८७) कृष्णवर्णीय आणि लॅटिनो नर्तकांचा. १९८० साली सेकंड अॅव्हेन्यूवर उघडलेल्या ‘सेंट’मध्ये तर तारांगणासारखा घुमट होता, आणि प्रवेश सभासदत्वाने मिळे. एका शहरात अनेक ‘आम्ही’ शेजारी शेजारी नाचत होते. हॉलरनचे सर्वनाम त्यांतील एकाचे आहे, आणि ते सर्वांचे असल्याचा भास निर्माण करणे ही कादंबरीची उणीव मानली पाहिजे.

लिंगव्यवस्थेची अडचण तुलनेने लहान आहे. सदरलँड आणि त्याचे सोबती एकमेकांना ‘शी’ म्हणतात; इंग्रजीत सर्वनामाबरोबर काम संपते. मराठीत क्रियापदही बदलते. सदरलँडने ‘मी आले’ म्हणावे की ‘मी आलो’, हा निर्णय वाक्यागणिक घ्यावा लागेल. तमाशातील नाच्याची बोली उसनी आणणे सर्वात सोपे आणि सर्वात चुकीचे ठरेल. सदरलँड लोकांना हसवण्यासाठी पैसे घेत नाही.

मराठीची खरी अनुकूलता आणखी एका ठिकाणी आहे. निवेदकाने मॅलोनला दुरूनच पाहिलेले आहे, आणि तरी त्याच्या वकिलीच्या दिवसांचे, त्याच्या पहिल्या प्रेमाचे, त्याच्या एकान्ताचेही वर्णन तो करतो. हे ज्ञान त्याला कुठून आले, असा आक्षेप घेता येईल. इंग्रजी गद्यात ही विसंगती उघडी राहते. मराठीजवळ ‘म्हणे’ आहे. ऐकीव माहितीची जबाबदारी न घेता ती पुढे पोचवणारा हा छोटा शब्द नृत्यगृहाच्या कोपऱ्यांतील कुजबुजीचे व्याकरणच आहे. शेवटाला तर त्याच्यावाचून भागणार नाही. फायर आयलंडवरील मेजवानीच्या रात्री सदरलँड मरतो आणि मॅलोन नाहीसा होतो. तो खाडी पोहून जाताना बुडाला म्हणे. एव्हरार्ड स्नानगृहाला आग लागली तेव्हा तो आत होता म्हणे. कुठेतरी दूर जाऊन राहिला म्हणे. ती आग २५ मे १९७७ रोजी खरोखरच लागली आणि तीत नऊ माणसे दगावली.

कादंबरीनंतर तीन वर्षांनी, ५ जून १९८१ रोजी, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुण पुरुषांच्या आजाराची नोंद छापली गेली. पुढे एड्स ह्या नावाने ओळखल्या गेलेल्या साथीची ती पहिली नोंद. ‘सेंट’ १९८८ च्या मे महिन्यात बंद झाले. त्याच वर्षी हॉलरनचा ‘ग्राउंड झीरो’ हा निबंधसंग्रह निघाला. त्यातील शहर तेच आहे, परंतु ज्यांच्या वतीने बोलायचे त्यांतले पुष्कळ जण आता उरलेले नाहीत. १९७८ च्या कादंबरीतील ‘आम्ही’ आज वाचताना त्याचा अर्थ बदलतो, आणि हा बदल लेखकाच्या हाती नव्हता. दाराबाहेरच्या वाचकाला वगळण्यासाठी वापरलेले सर्वनाम आता त्या वाचकाजवळच उरले आहे. अनुवादकाने तरीही ‘आम्ही’च ठेवावे. त्या जागी ‘आपण’ घालणे म्हणजे मृतांच्या सभासदत्वावर हक्क सांगण्यासारखे होईल.